भांडणाला धनी मिळण्याआधी

दक्षिण सुदानमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या नागरी कामकाजात घालवलेल्या वर्षांविषयी मागे या सदरात लिहिले होते. त्यावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. काही प्रश्न लांबलचक होते, ते मूळ मुद्द्याला धक्का न लावता आटोपशीर केले आहेत.

प्रश्न: डॉक्टर जखमा शिवतो, सैनिक पहारा देतो. शांततेविषयी सल्ला देणारा माणूस युद्धग्रस्त देशात जाऊन दिवसभर करतो तरी काय? (राज्यशास्त्राचा विद्यार्थी, जुळे सोलापूर)

उत्तर: प्रश्न थोडा खवचट आहे, पण रास्त आहे. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांच्या हातून बरे झालेले सैनिक चालत परत गेलेले लोकांना दिसत होते. माझ्या कामात यश येते तेव्हा काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीची नोंद कोणत्याही अहवालात नीट बसत नाही.

दिवसाचा मोठा भाग ऐकण्यात जातो. दिन्का आणि नुएर या तिथल्या दोन मोठ्या समाजांचे सगळे जगणे गुरांभोवती फिरते. सिद्धेश्वराच्या यात्रेतील जनावरांच्या बाजारात खिल्लार खोंडाच्या शिंगांवरून आणि चालीवरून तासन्‌तास चर्चा करणारी माणसे आपण पाहिली असतील, तर दिन्का तरुणाला बैलाच्या रंगावरून टोपणनाव का मिळते हे आपल्याला समजावून सांगावे लागणार नाही. लग्नात मुलीकडच्यांना गुरे द्यावी लागतात, ती जमत नाहीत म्हणून तरुण शेजारच्या टोळीची गुरे पळवतात, त्यात कोणी मारला गेला की त्याची भरपाईही गुरांतच ठरते. हे भांडण जुने आहे, आणि ते मिटवण्याच्या रीतीही तितक्याच जुन्या आहेत. पण राजधानीतल्या एखाद्या सेनापतीने त्याच तरुणांच्या हाती बंदुका देऊन ‘तुमचे भांडण ते आमचे भांडण’ असे सांगितले, की त्या भांडणाला धनी मिळतो, आणि मग ते गावच्या पंचांना आवरत नाही.

म्हणून माझ्या वहीत मंत्र्यांची नावे कमी असत. कोणत्या महिन्यात कोणते पाणी आटते, गुरांचा तळ तेव्हा कोणत्या वाटेने सरकतो, कोणाच्या मृत्यूची भरपाई अजून चुकती झालेली नाही, यंदा कोणत्या वस्तीत लग्ने जास्त आहेत, अशाच नोंदींनी ती भरून जाई. धनी येण्याआधी भांडण कळले पाहिजे, हीच या कामातली खरी कसोटी आहे.

१९९९ साली वुनलित येथे चर्चच्या संघटनेच्या पुढाकाराने पश्चिमेकडच्या दिन्का आणि नुएर पुढाऱ्यांची परिषद भरली. पाहुण्यांसाठी माळावर झोपड्या बांधल्या, पांढऱ्या बैलाचा बळी दिला, आणि मग दोन्ही बाजूंनी आपापली गाऱ्हाणी मांडली. एक बाजू बोलत असताना दुसरीने मध्ये तोंड घालायचे नाही, असा दंडक होता. चराई आणि पाणी सामाईक ठेवायचे, पळवून नेलेली बायकामुले परत करायची, असे ठराव झाले. हे सारे देशाला स्वातंत्र्य मिळण्याच्या बारा वर्षे आधीचे आहे, आणि ते परक्या सल्लागारांनी शिकवलेले नव्हते. आमच्यासारख्यांचे काम एवढेच, की अशी बैठक भरवणाऱ्यांना वाहन, सुरक्षा आणि वेळ मिळवून द्यावा आणि आपण मागच्या रांगेत बसावे. मागच्या रांगेत बसणे पुष्कळांना जमत नाही, हेही नमूद करतो.

प्रश्न: करार होतात, नेते हस्तांदोलन करतात, छायाचित्रे छापून येतात आणि वर्षभरात पुन्हा गोळीबार सुरू होतो. मग करार करायचेच कशाला? (यंत्रमाग कारखानदार, अशोक चौक)

उत्तर: आपण भागीदारीत धंदा केला असेल, तर उत्तराचा अर्धा भाग आपल्याला ठाऊक आहे. दोन भागीदार वेगळे झाले, पुन्हा एकत्र आले, आणि तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे ठेवून कारखान्याच्या फाटकावर दोघांनीही आपापले रखवालदार उभे केले, तर काय होईल? दक्षिण सुदान ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला. डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि पदावरून दूर केलेले उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांच्या समर्थक सैनिकांत राजधानी जुबामध्ये लढाई पेटली. ऑगस्ट २०१५ मध्ये करार झाला, त्यानुसार एप्रिल २०१६ मध्ये माचार आपले सशस्त्र लोक घेऊन राजधानीत परतले, आणि जुलैमध्ये त्याच शहरात दोन फौजा पुन्हा एकमेकींवर तुटून पडल्या. पुढचा करार व्हायला सप्टेंबर २०१८ उजाडावे लागले.

दोष केवळ नेत्यांच्या हेतूंचा नव्हता. करारात पदे कोणाला किती याचा हिशेब तपशीलवार होता. सैनिकांचे पुढे काय करायचे, तेलाचा पैसा कोणाच्या देखरेखीखाली राहील, हे कागदावर होते, पण अंमलात येत नव्हते. सरकारचे जवळजवळ सगळे उत्पन्न जिथे तेलातून येते, तिथे मंत्रिपद ही सेवेची जागा राहत नाही, ती मिळकत होते.

उलट उदाहरणही पाहा. इंडोनेशियातील आचे प्रांताचा करार १५ ऑगस्ट २००५ रोजी हेलसिंकी येथे झाला; मध्यस्थ होते फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी आहतिसारी. बंडखोरांनी ८४० शस्त्रे टप्प्याटप्प्याने जमा करायची आणि त्याच टप्प्यांत सरकारने बाहेरून आणलेले सैन्य मागे घ्यायचे, असे ठरले, आणि युरोपीय व आग्नेय आशियाई निरीक्षकांसमोर वर्षअखेरपर्यंत ते पार पडले. एकाने पाऊल टाकल्याशिवाय दुसऱ्याने टाकायचे नाही, ही व्यापाऱ्याची रीत तिथे कामी आली. त्सुनामीने प्रांत उद्ध्वस्त झाला होता, लढण्याचे बळ दोन्हीकडे उरले नव्हते, हेही विसरता येत नाही. नेपाळमध्ये २००६ च्या करारानंतर माओवाद्यांची शस्त्रे लोखंडी कंटेनरांत कुलूपबंद झाली, किल्ली माओवाद्यांकडेच राहिली, पण कंटेनरांवर कॅमेऱ्याची आणि संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांची चोवीस तास नजर राहिली. किल्ली आपल्याजवळ असल्याने मान राखला गेला, आणि नजर असल्याने समोरच्याला झोप लागली. करारातील असे एखादे साधे कलम मला पानभर तत्त्वज्ञानापेक्षा जास्त मोलाचे वाटते.

प्रश्न: मी सैन्यात होतो. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोप्या घातलेले जवान उभे असताना निरपराध माणसे मारली जातात, हे वाचून चीड येते. आपले जवान तिथे नुसते उभे राहायला जातात का? (निवृत्त सुभेदार, बार्शी)

उत्तर: सुभेदारसाहेब, नाही. डिसेंबर २०१३ मध्ये अकोबो येथील छोट्या तळावर आश्रयाला आलेल्या नागरिकांना वाचवताना दोन भारतीय जवानांनी प्राण दिले. त्याच आठवड्यात संयुक्त राष्ट्रांच्या तळांची फाटके लोकांसाठी उघडली गेली, आणि पुढे त्या कुंपणांच्या आत आश्रय घेणाऱ्यांची संख्या दोन लाखांच्या आसपास गेली. फाटक उघडण्याचा निर्णय घेतला गेला नसता तर काय झाले असते, याचा विचार मी अजूनही करतो.

आपली चीड मात्र चुकीची नाही. रवांडामध्ये जानेवारी १९९४ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या फौजेचे प्रमुख रोमियो दालेअर यांनी शस्त्रसाठ्यांची आणि पुढे झालेल्या कत्तलीच्या तयारीची बातमी न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला कळवली होती, पण साठे जप्त करण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. माहिती होती, हुकूम नव्हता. याउलट युगोस्लाव्हियातून वेगळ्या झालेल्या मॅसिडोनियात १९९२ च्या अखेरीस, एकही गोळी सुटण्याआधी, सैनिक पाठवण्याचा निर्णय झाला आणि पुढे सुमारे एक हजार सैनिक सीमेवर नेऊन बसवले गेले. ते तिथे असेपर्यंत शेजारचा वणवा आत आला नाही. १९९९ मध्ये चीनने नकाराधिकार वापरून ती तुकडी उठवायला लावली. कारण एवढेच, की मॅसिडोनियाने तैवानला मान्यता दिली होती.

प्रश्न: आमचे मंडळ युद्धग्रस्त भागात सोलापुरी चादरी पाठवू इच्छिते. कोणाकडे पाठवाव्यात? (मंडळाचे कार्यकर्ते, शहर)

उत्तर: भावना मोठी आहे, पण चादरी पाठवू नका. वाहतुकीचा खर्च चादरीच्या किमतीहून जास्त होईल, आणि फुकटचा माल उतरला की तिथल्या बाजारात कापड विकून पोट भरणारी बाई दुकान बंद करील. द्यायचेच असेल तर विश्वासू संस्थेला रोख द्यावे.

मदत भांडण कसे लावते, याचा एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरचा आहे. एका संस्थेने उन्हाळ्याच्या तोंडावर एका वस्तीजवळ बोअर मारून हातपंप बसवला. काम चोख होते. सिमेंटचा ओटा, सांडपाण्याला उतार, पंपाच्या दांड्याला निळा रंग. जागा मात्र त्यांनी रस्त्याच्या सोयीने निवडली, आणि ती दोन टोळ्यांच्या चराईच्या हद्दीवर, एका बाजूला दोनशे पावले सरकलेली निघाली. आठ दिवसांत तीन हजार गुरे त्या पंपाभोवती गोळा झाली. दहाव्या दिवशी पाण्याच्या रांगेवरून काठ्या चालल्या, आणि पंधरवड्याने पंपाचा दांडा कोणीतरी उपसून नेला. मी त्या वस्तीत महिनाभर आधी जाऊन आलो होतो, हद्द माझ्या वहीत लिहिलेली होती, आणि ती वही मी त्या संस्थेच्या अभियंत्याला दाखवली नव्हती. त्यानेही विचारली नव्हती. पुढे दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी दुसरी जागा ठरवली. ती रस्त्यापासून लांब होती, गाडी जात नव्हती, पण तिथला पंप टिकला.

प्रश्न: गुन्हेगारांना माफी देऊन शांतता विकत घेणे योग्य आहे का? (वकील, पंढरपूर)

उत्तर: सरसकट माफीच्या मी विरोधात आहे, पण सगळ्यांना तुरुंगात घालू म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. वर्णभेदाच्या काळातील गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगाकडे माफीसाठी सात हजारांहून अधिक अर्ज आले आणि माफी त्यांतल्या थोड्यांनाच मिळाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तिथे माफी होती ती संपूर्ण सत्य उघड करणाऱ्याला आणि राजकीय हेतू सिद्ध करणाऱ्याला. वकील म्हणून आपण या अटींचे महत्त्व माझ्यापेक्षा चांगले जाणता.

प्रश्न: मी शिक्षिका आहे, माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर विड्या वळल्या. सणांच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, पण तिथे बायका दिसत नाहीत. बाहेरच्या देशांतही हेच असते का? आणि या समित्यांचा खरेच उपयोग होतो का? (कुंभारी)

उत्तर: बाहेरही बहुतेक वेळा हेच असते. लायबेरियातील युद्ध थांबवण्यासाठी २००३ साली लेमा बोवी यांच्याबरोबरच्या बायकांनी घानामधील अक्रा येथे वाटाघाटींच्या दालनाचे दरवाजे अडवून धरले आणि तोडगा निघेपर्यंत पुरुषांना बाहेर पडू देणार नाही असे बजावले. बोलावणे नव्हते म्हणूनच त्यांना दारात बसावे लागले. पण मला जास्त शिकवले ते केनियातील वजीर जिल्ह्याने. तिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सोमाली कुळांमध्ये रक्तपात सुरू होता, आणि देखा इब्राहिम अब्दी यांच्यासह काही बायकांनी सुरुवात केली ती बाजारापासून. कोणत्याही कुळातील बाईला बाजारात विकता आणि विकत घेता आले पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह होता. बाजारात पाळत ठेवायची, कोणाला अडवले तर तिथल्या तिथे हस्तक्षेप करायचा; वडीलधारे आणि तरुण नंतर सामील झाले.

याचे कारण आपल्या सासूबाई एका वाक्यात सांगतील. विड्यांची पाने आणायला आणि माल द्यायला रोज कारखान्यात जाणाऱ्या बाईला कोणत्या गल्लीत कुजबूज वाढली आहे, कोणाच्या मुलाकडे अचानक पैसा आला आहे, हे पोलिसांच्या आधी कळते. तिला बैठकीला न बोलावणारा अधिकारी आपल्याच कानांत बोळे घालतो.

समित्यांच्या उपयोगाविषयी विचाराल, तर भिवंडीकडे पाहा. तेही आपल्यासारखेच यंत्रमागांचे शहर, १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेले. १९८८ मध्ये तिथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि १९९२ च्या डिसेंबरनंतर मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांत त्याच गल्लीत राहणारे हिंदू आणि मुसलमान दोघेही होते, आणि त्या सण नसतानाही भेटत होत्या. आपल्याकडच्या बैठकीत मात्र पुढच्या रांगेतल्या खुर्च्या ठरलेल्या असतात, तेच सात-आठ जण सत्कार स्वीकारतात, ‘सोलापूरची परंपरा’ असा शब्द दोन-तीनदा येतो आणि चहा झाला की सभा संपते.

आपण शिक्षिका आहात, म्हणून एक सुचवतो. येत्या बैठकीची वाट पाहू नका. शाळेच्या पालकसभेनंतर दहा-बारा बायकांना थांबवा, त्यांत सगळ्या वस्त्यांमधल्या बायका असतील असे पाहा, आणि एवढेच ठरवा की रात्री एखादी अफवा फोनवर आली, तर ती पुढे पाठवण्याआधी कोणी कोणाला फोन करून विचारायचे. ती नावे कागदावर लिहा आणि तो कागद प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात लावून ठेवा.