सुटून आलेला पुन्हा तेच करतो का?

प्रश्न : लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून एक जण गावात परतला आहे. असे लोक हमखास पुन्हा तेच करतात, असे पारावर सगळे म्हणतात. हे खरे आहे का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : पारावरचा हा समज अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंतही पोहोचला होता. तेथील २००२ च्या एका निकालात, उपचार न घेतलेल्यांपैकी ८० टक्क्यांपर्यंत पुन्हा गुन्हा करतात असा अंदाज उद्धृत झाला. पुढे अभ्यासकांनी त्याचा माग काढला, तेव्हा मुळाशी निघाले एका मासिकातील पुराव्याविना केलेले विधान. (मासिकवाल्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे!) याउलट, कॅनडातील हॅन्सन आणि बुसिएर यांनी १९९८ मध्ये ६१ अभ्यास एकत्र तपासले असता, चार-पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्हा केल्याचे आढळलेल्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्के निघाले. अर्थात, भीतीपोटी किंवा लाजेपोटी पोलिसांपर्यंत न गेलेले गुन्हे अशा आकड्यांतून निसटतात, त्यामुळे खरे प्रमाण याहून अधिकच असणार. शिवाय धोका सर्वांचा सारखा नसतो. पूर्वीही असे गुन्हे केलेल्यांचा तो अधिक असतो. हे आकडे परदेशातील आहेत, हेही ध्यानात घ्यावे. आपल्याकडे लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ पासून ठेवली जाते, मात्र ती तपास यंत्रणांपुरतीच खुली आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदींनुसार बलात्काराच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचाच असतो. पारावर त्याची चर्चा क्वचितच होते.