स्ट्रेप्टोझोटोसिन दिल्यावर अ‍ॅड्रीनल ग्रंथी का मोठी होते?

तुमचा प्रश्न असा आहे: स्ट्रेप्टोझोटोसिन या औषधाने रॅटमध्ये (प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरात) मधुमेह केला की स्वादुपिंड बिघडणार हे उघड आहे, पण अ‍ॅड्रीनल ग्रंथीचं, म्हणजे मूत्रपिंडाच्या वर बसलेल्या ग्रंथीचं, वजन का वाढतं? औषध तिच्यावरही थेट घाला घालतं का?

मी अशा ऊतींच्या स्लाइड नेहमी बघते, म्हणून आधी सरळ सांगते: स्वादुपिंडातली इजा औषधाची असते, अ‍ॅड्रीनलमधला बदल मुख्यतः इन्सुलिन गेल्यामुळे होतो.

स्ट्रेप्टोझोटोसिनच्या रेणूत ग्लुकोजचा भाग असतो. त्यामुळे ते ग्लूट-2 या ग्लुकोज आत नेणाऱ्या वाहकातून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत शिरतं आणि तिथल्या डीएनएला इजा करतं. ती दुरुस्त करता करता पेशीतलं एनएडी (ऊर्जानिर्मितीला लागणारा रेणू) संपतं आणि पेशी मरते. निरोगी रॅटच्या आयलेटमध्ये (स्वादुपिंडातल्या हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यात) मधोमध बीटा पेशींचा गाभा आणि भोवती ग्लुकागॉन हे साखर वाढवणारं हार्मोन बनवणाऱ्या अल्फा पेशींची झालर दिसते. औषधानंतर आयलेट आक्रसलेलं असतं, कडा वेड्यावाकड्या होतात, इन्सुलिन दाखवणारा रंग मोजक्याच पेशी धरतात आणि अल्फा पेशी पार मध्यापर्यंत आलेल्या असतात. शेजारच्या पाचकरस तयार करणाऱ्या पेशी मात्र बऱ्याच अंशी शाबूत राहतात.

आता अ‍ॅड्रीनल. इन्सुलिन नसलं की रक्तात साखर भरपूर असूनही शरीर उपाशी असल्यासारखं वागतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस आणि त्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीकडून येणारा रेटा वाढतो, एसीटीएच हे पिट्युटरीचं हार्मोन अ‍ॅड्रीनलला सतत कामाला लावतं, झोना फॅसिक्युलाटा हा तिच्या बाहेरच्या भागातला मधला थर रुंदावतो आणि कॉर्टिकोस्टेरॉन हे तिथलं ताणाचं हार्मोन वाढतं. हे हार्मोन यकृताला आणखी ग्लुकोज बनवायला लावतं, म्हणजे मधुमेहात भरच पडते. हा धागा जुना आहे. 1936 साली लाँग आणि लुकन्स या संशोधकांनी स्वादुपिंड काढलेल्या मांजरांच्या अ‍ॅड्रीनलही काढल्या, तेव्हा त्यांचा मधुमेह सौम्य झाला. अ‍ॅड्रीनलला या आजारातली दुय्यम ग्रंथी मानणं मला म्हणूनच पटत नाही.

मोजमापाबद्दल मात्र कळकळीने सांगते. मधुमेही रॅट झपाट्याने वाळतो. ग्रंथीचं वजन शरीराच्या वजनाच्या प्रमाणात काढलं, तर ग्रंथी मुळीच वाढली नसली तरी आकडा फुगतो. म्हणून प्रत्यक्ष वजन मिलिग्रॅममध्ये द्याच, शिवाय झोना फॅसिक्युलाटाची जाडी मोजा. रॅटमध्ये मुख्य हार्मोन कॉर्टिकोस्टेरॉन आहे, कॉर्टिसॉल नाही, तेव्हा मोजणीचं किट त्याचंच घ्या. रॅट निशाचर असल्याने ते संध्याकाळी चढतं, आणि प्राणी हाताळला तरी काही मिनिटांत वर जातं. सगळ्या गटांचं रक्त एकाच वेळी आणि कमीत कमी धडपडीत घ्या, नाहीतर तुम्ही मधुमेहाऐवजी भीती मोजाल.

एनओडी माऊस किंवा डीबी/डीबी माऊस या आनुवंशिक मधुमेह होणाऱ्या छोट्या उंदरांचे निष्कर्ष यात सरसकट मिसळू नका. पहिल्यात प्रतिकारशक्तीच्या पेशी आयलेटमध्ये शिरतात. दुसऱ्यात लेप्टिन या भूक आवरणाऱ्या हार्मोनच्या रिसेप्टरचा दोष असतो आणि सुरुवातीला आयलेट उलट मोठी होतात.

औषधाचा थेट परिणाम वेगळा काढायचा असेल तर निरोगी आणि मधुमेही गटांखेरीज तिसरा गट ठेवा: स्ट्रेप्टोझोटोसिन दिलेले, पण पुढे नियमित इन्सुलिनवर असलेले रॅट. त्यांची अ‍ॅड्रीनल निरोगी गटाच्या जवळ राहिली, तर बदल इन्सुलिनच्या अभावाचा होता असं म्हणायला तुमच्याकडे भक्कम आधार असेल.