घरच्यांसमोर पत्त्यांची जादू दाखवायची आहे, पण प्रत्येक जण "आण, मी पिसतो" म्हणतो. काय करू?

तुम्ही लिहिलंय की व्हिडिओ बघून दोन-तीन जादू बसवल्या, एकट्यानं जमतात, पण घरी दाखवायला बसलं की काका नाहीतर मेव्हणे हात पुढं करतात, "आण हिकडं, मी पिसतो", आणि खेळ तिथंच संपतो. चाळिशीत आता हात बसेल का, हेही विचारलंय.

हात बसेल. पण आधी त्या पिसण्याचं बघू, कारण खरी अडचण तिथं आहे. मी सांगलीचा. इथं आपल्यासमोर बसणारी माणसं मे महिन्याच्या सुट्टीत मेंढीकोट, बदाम सात, पाच-तीन-दोन खेळत वाढलेली असतात. व्हिडिओतला प्रेक्षक पत्त्यांच्या कॅटला हात न लावता नुसता थक्क होतो. आपला प्रेक्षक पिसणार, काटणार, मधेच पत्ता उलटून बघणार. म्हणून घरच्यांसाठी जादू निवडताना पहिली कसोटी हीच लावा: कॅट दुसऱ्याच्या हातात गेला तरी ती टिकते का? टिकत नसेल तर ती सध्या बाजूला ठेवा, दिसायला कितीही भारी असू दे.

या कसोटीला उतरणारी सगळ्यात चांगली जादू म्हणजे खुणेच्या पत्त्याची. सुरुवातीलाच काकांच्या हातात कॅट द्या. "पिसा काका, मनासारखं पिसा." त्यांना घाई करू नका. त्यांचं समाधान झालं की कॅट परत घ्या आणि कडा जुळवायला टेबलावर उभा ठोका. त्या क्षणी सगळ्यात खालच्या पत्त्याचं तोंड तुमच्याकडं असतं. समजा इस्पिकची सत्ती दिसली. बास, काम झालं, हाच तुमचा खुणेचा पत्ता. आता पत्ते पसरून काकूंना एक पत्ता ओढायला सांगा. तो त्यांनी शेजारच्यालाही दाखवायचा, हे विसरू नका, कारण गडबडीत माणसं आपलाच पत्ता विसरतात आणि मग जादू बरोबर येऊनही कुणाला पटत नाही. पत्ता कॅटवर ठेवायला लावा, कॅट काटा, खालचा भाग वर घ्या. सत्ती आता काकूंच्या पत्त्याच्या बरोबर डोक्यावर बसली.

इथून पुढं कुणीही, कितीही वेळा काटू दे. काटण्यानं पत्त्यांची साखळी तुटत नाही, ती फक्त वेगळ्या ठिकाणाहून सुरू होते. पिसण्यानं मात्र तुटते. म्हणून पिसायचा मान आधीच देऊन टाकायचा. एकदा मनसोक्त पिसलेला माणूस पुन्हा सहसा मागत नाही, काटायला दिलं की खूश असतो. मग वरून एकेक पत्ता सुलटा टाकत जा. सत्तीच्या पाठोपाठ येतो तो काकूंचा पत्ता. सत्ती अगदी शेवटी आली, तर टाकलेला पहिलाच पत्ता त्यांचा असतो.

पण तिथं थांबू नका! त्यांचा पत्ता येऊन गेला तरी आणखी तीन-चार पत्ते टाका. सगळे एकमेकांकडं बघून हसायला लागतात, चुकला म्हणून. मग शांतपणे म्हणा, "आता मी जो पत्ता उलटणार, तो तुमचा." सगळ्यांना वाटतं हातातला पुढचा. तुम्ही खाली पडलेल्यातला त्यांचा पत्ता उचलून पालथा करा. जो आवाज होतो त्यासाठीच तर हे सगळं शिकायचं.

दुसरी जादू आपल्या पिसण्याच्या पद्धतीतच आहे. आपण कॅट डाव्या हातात धरतो, उजव्या हातानं खालचा गठ्ठा ओढून काढतो आणि वरचे थोडे थोडे पत्ते डाव्या तळहातावर सोडत जातो. परदेशातले जादूगार हीच पद्धत 'हिंदू शफल' म्हणून मुद्दाम शिकतात, आपल्याला ती लहानपणापासून येते. तिची गंमत अशी की उजव्या हातातल्या गठ्ठ्याचा सगळ्यात खालचा पत्ता शेवटपर्यंत बदलत नाही. तो बदामची राणी असेल, तर समोरचा कधीही "थांब" म्हणाला तरी गठ्ठा वर करून दाखवला की राणीच दिसणार. आधीच चिठ्ठीवर "बदाम राणी" लिहून ती आजीच्या हातात मुठीत दिलेली असेल, तर चिठ्ठी उघडेपर्यंत खोलीत कुणी हलत नाही. फक्त पिसण्याचा वेग नेहमीचाच ठेवा. संथ झालात की संशय येतो.

एकवीस पत्त्यांची जादू बहुतेकांना येते: सात-सातच्या तीन ओळी, मनात धरलेला पत्ता ज्या ओळीत आहे असं समोरचा सांगेल ती ओळ दर वेळी मध्ये, तीन वेळा वाटलं की पत्ता अकरावा. ती मोठ्यांना दाखवू नका, वाटण्यातच लोक कंटाळतात. मुलांना मात्र ती का जमते ते जरूर शिकवा. दुसऱ्या फेरीनंतर पत्ता दहावा, अकरावा किंवा बारावा एवढ्यातच उरतो, आणि हे तिन्ही पुढच्या वाटपात आपापल्या ओळीत चौथेच पडतात. हे पोरांनी स्वतः मांडून शोधलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

आता हाताइतकंच महत्त्वाचं: बोलणं आणि नजर. तुम्ही हाताकडं बघितलंत की सगळे हाताकडं बघतात. खालचा पत्ता बघून झाला की लगेच मान वर करा आणि कुणाला तरी खरा प्रश्न विचारा, "काकू, तुम्ही रमीत कधी हरल्याचं मला आठवत नाही, खरं ना?" काकू उत्तर द्यायला लागतात आणि सगळ्यांची नजर त्यांच्याकडं जाते. ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' नाटक उभं केलं, तिथं वाक्य कुठं टाकायचं आणि कुठं गप्प राहायचं याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. म्हणून सराव करताना फक्त बोटांचा करू नका, वाक्यांसकट करा. मोबाईल समोर उभा करून रेकॉर्ड करा. आरशात आपण स्वतःच्या हाताकडंच बघत राहतो आणि तीच सवय लागते.

"परत दाखव" म्हणतील. तीच जादू परत दाखवू नका. पहिल्यांदा काय होणार हे त्यांना माहीत नसतं, दुसऱ्यांदा डोळे नेमक्या जागी असतात. डाय व्हर्नन या पत्त्यांच्या जादूगारानं १९२२ साली शिकागोत जगप्रसिद्ध जादूगार हुदिनीला, हुदिनीनंच सही केलेला पत्ता पुन्हा पुन्हा कॅटच्या वर आणून दाखवला आणि त्याला उलगडा झाला नाही, हे खरं. पण त्यामागं व्हर्ननची वर्षानुवर्षांची साधना होती. आपण खुणेच्या पत्त्यानंतर चिठ्ठीची दाखवायची. बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतात, पण आत कारण वेगळं असतं, त्यामुळं त्यांचा पहिला तर्क दुसऱ्या वेळी कोसळतो.

कॅट चांगला घ्या, गुळगुळीत लेप दिलेला कागदी. पूर्ण प्लॅस्टिकचे पत्ते नवीन हातातून फार निसटतात. आणि भडंगाची वाटी जादू झाल्यावरच बाहेर काढा. तेलाची बोटं एकदा लागली की पत्ते चिकटतात, एकाच्या जागी दोन ओढले जातात आणि कॅट कायमचा बाद होतो.

घरात कुणी मोठं माणूस पत्ते म्हणजे जुगार म्हणून नाराज असेल, तर पहिली जादू त्यांनाच दाखवा, पत्ता त्यांनाच निवडू द्या. आणि हात बसला की पैशांच्या डावात पत्ते वाटायला बसू नका, वाटायचं काम दुसऱ्याला द्या. दिवाळीत कुणीतरी आग्रह करेलच, तेव्हाही नाही म्हणा.