लिनक्सच्या नेटवर्क ड्रायव्हरमधली मेमरी लीक कशी शोधायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ५१२ एमबीचा बोर्ड, त्यावर लिनक्स, इथरनेटचा ड्रायव्हर तुमच्याच टीमचा. ट्रॅफिक चालू ठेवला की तीनेक दिवसांत मेमरी संपते आणि ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) जागा होतो. पण 'टॉप' कमांडमध्ये एकही प्रोसेस फुगलेली दिसत नाही.

आधी थोडा हिशेब करू. एका पॅकेटचा एसकेबी (कर्नल पॅकेट ज्यात सांभाळतो ती रचना) आणि त्याचा डेटा मिळून साधारण सव्वादोन केबी धरा. ५१२ एमबी भरायला सव्वादोन लाखांच्या आसपास पॅकेट्स हरवावी लागतात, आणि तीन दिवसांचे सेकंद होतात २,५९,२००. म्हणजे गळती (घेतलेली मेमरी परत न सुटणं) सेकंदाला एका पॅकेटचीसुद्धा नाही. प्रत्येक पॅकेट गळत असतं तर बोर्ड काही मिनिटांत आडवा झाला असता. तेव्हा नेहमीचा, चांगला चालणारा कोड पुन्हा पुन्हा वाचू नका. कोडच्या क्वचित लागणाऱ्या फांद्या वाचा, म्हणजे काही फसलं तरच चालणारा भाग.

पण कुठली बाजू गळतेय ते आधी ठरवा. /proc/meminfo मधला एसअनरिक्लेमचा आकडा (कर्नलच्या छोट्या वस्तूंसाठीच्या 'स्लॅब' मेमरीतला परत न मिळवता येणारा भाग) चढत असेल तर ती मेमरी कोण खातंय हे दाखवणारी स्लॅबटॉप कमांड लावा. त्यात एसकेबफ_हेड_कॅशे (एसकेबींचा साठा) आणि केमॅलॉक-२के (२ केबीच्या तुकड्यांचा साठा) जोडीने वाढताना दिसले तर एसकेबीच सुटत नाहीयेत. एसअनरिक्लेम स्थिर आणि तरीही मेमरी घटतेय, तर संशय रिसीव्ह बाजूच्या पेजेसवर घ्या. तिथे केमेमलीकचा (कर्नलच्या लीक शोधणाऱ्या साधनाचा) उपयोग नाही, कारण ते थेट पेज अलोकेटरकडून (पूर्ण पेजेस वाटणाऱ्या कर्नलच्या भागाकडून) घेतलेली पेजेस बघतच नाही. त्यासाठी पेज कोणी घेतलं याची नोंद ठेवणारं पेज_ओनर चालू करून कर्नल बूट करा.

एसकेबी सापडले तर मात्र केमेमलीक कामाचं. डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या डीबग फाइलसिस्टममधल्या) त्याच्या फाइलमध्ये आधी 'क्लिअर' लिहा, ट्रॅफिक सोडा, मग 'स्कॅन' लिहा. (ते स्वतःहूनही दर १० मिनिटांनी स्कॅन करतं.) जो बॅकट्रेस (फंक्शन कॉल्सची साखळी) मिळतो तो मेमरी घेतली कुठे याचा असतो, सोडायची राहिली कुठे याचा नाही. पाठवायच्या पॅकेटच्या बाबतीत तिथे टीसीपीची फंक्शन्स दिसतात आणि लोक टीसीपीवर खापर फोडत बसतात! शिवाय तुमच्या ड्रायव्हरच्या एखाद्या यादीत पॉइंटर अडकून राहिला असेल, तर केमेमलीकच्या लेखी ती लीकच नसते.

आता खरी जागा: एनडीओ_स्टार्ट_एक्समिट, म्हणजे स्टॅक (कर्नलचा नेटवर्कचा भाग) पॅकेट पाठवायला ड्रायव्हरचं जे फंक्शन बोलावतो ते, थोडक्यात एक्समिट. इथला करार सोपा आहे. नेटडेव्ह_टीएक्स_ओके परत केलं की एसकेबी तुमचा, सोडायची जबाबदारीही तुमची, पॅकेट वायरवर गेलं असो वा नसो. नेटडेव्ह_टीएक्स_बिझी परत केलं की तो स्टॅकचा, त्याला हात लावायचा नाही. डीएमए मॅपिंग (हार्डवेअरला मेमरी थेट वाचता यावी म्हणून करायची जोडणी) फसलं, ड्रायव्हरने एसकेबी न सोडताच ओके परत केलं, की पॅकेट कायमचं गेलं. ही नवशिक्यांचीच चूक आहे असं समजू नका. बीसीएमसिसपोर्ट, ॲक्सिइनेट आणि बी२नेट या मुख्य कर्नलमधल्या ड्रायव्हर्सच्या एक्समिटमध्ये अशा गळत्यांची दुरुस्ती २०२४ साली झाली.

एसकेबी_रिअलॉक_हेडरूम वापरलंय का तेही बघा. ते नवा एसकेबी देतं, जुना तुम्हालाच सोडावा लागतो. हेडरूम (डेटाच्या आधी हेडरसाठीची मोकळी जागा) कमी पडणारी पॅकेट्स अधूनमधूनच येतात, त्यामुळे तुमच्या मंद गळतीशी माझ्या मते हेच सर्वांत जास्त जुळतं. उलटी गंमत एसकेबी_पॅडटूची (छोटं पॅकेट ठरावीक लांबीपर्यंत भरणारं फंक्शन): फसलं तर एसकेबी ते स्वतःच सोडतं, आणि तुम्ही पुन्हा सोडलात की डबल फ्री (एकच मेमरी दोनदा सोडणं).

टीएक्स टाइमआउटचा (पाठवणं अडकलं की चालणारा) कोडही उघडा. रिंग (पाठवायच्या पॅकेट्सची गोल यादी) रीसेट करताना तिच्यातल्या नोंदी, म्हणजे डिस्क्रिप्टर, शून्य करायचे आणि त्यात अडकलेले एसकेबी विसरायचे, हा प्रकार फार दिसतो. इंटरफेस अप करताना चालणाऱ्या ओपन फंक्शनमध्ये डेव्हएम_केझॅलॉक (डिव्हाइसच्या नावावर मेमरी घेणारं फंक्शन) असेल तर तिथून काढा. ती मेमरी इंटरफेस डाउन केल्यावर नाही, डिव्हाइस अनबाइंड झाल्यावर (ड्रायव्हरपासून सुटल्यावर) सुटते.

दुरुस्तीनंतर नुसता ट्रॅफिक चालवून काही सिद्ध होत नाही, कारण त्या फांद्या लागतच नाहीत. फेलस्लॅब या कर्नलच्या चाचणी सोयीने मेमरी मागण्या मुद्दाम फसवा, लिंक सतत अप-डाउन करा. डीएमए एपीआय डीबग चालू ठेवून मॉड्यूल काढलंत तर अनमॅप न केलेल्या बफर्सची तक्रार ते स्वतःच कर्नल लॉगमध्ये करेल.

तासातासाने घेतलेले एसअनरिक्लेमचे आकडे आणि तुमचं एक्समिट फंक्शन प्रश्नात जोडलंत तर नेमकं बोलता येईल.