खात्यातील शिल्लक बाहेरून बदलता येऊ नये म्हणून

प्रश्न : पतसंस्थेसाठी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहीत आहे. ‘खाते’ या क्लासमधील शिल्लक केवळ जमा आणि उचल या दोन मेथडमधूनच बदलावी, अशी माझी अपेक्षा आहे. जावामध्ये ‘प्रायव्हेट’ लिहिले की काम भागत असे. येथे नावाआधी दोन अंडरस्कोअर दिले, तरी सहकाऱ्याने बाहेरून शिल्लक बदलून दाखवली. खरे संरक्षण कसे मिळवावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोन अंडरस्कोअर हे कुलूप नाही, आणि ते त्यासाठी योजलेलेही नाहीत. सबक्लासने (या क्लासवरून पुढे बनवलेल्या क्लासने) अजाणता तेच नाव वापरले तर दोहोंची टक्कर होऊ नये, एवढ्यासाठी पायथन क्लासच्या आत लिहिलेले __शिल्लक हे नाव बदलून _खाते__शिल्लक असे करते. (पायथन 3 मध्ये देवनागरी नावे चालतात, म्हणून उदाहरण मराठीतच देतो.) हे बदललेले नाव ज्याला ठाऊक आहे, त्याला शिल्लक सहज बदलता येते, आपल्या सहकाऱ्याने बहुधा हेच केले असावे. याहून घातक गोष्ट वेगळीच आहे. समजा, ‘खाते’ क्लासवरून बनवलेल्या एका ऑब्जेक्टचे (म्हणजे एका प्रत्यक्ष खात्याचे) नाव खा आहे; क्लासबाहेर कोणी खा.__शिल्लक = 0 असे लिहिले, तर एरर न येता त्या ऑब्जेक्टवर त्याच नावाचे एक नवे व्हेरिएबल तयार होते, मूळ शिल्लक जशीच्या तशी राहते आणि लिहिणाऱ्याला मात्र आपण ती बदलली असे वाटत राहते.

म्हणून माझा सल्ला असा, की रक्कम एकाच अंडरस्कोअरच्या _शिल्लक या नावाने ठेवावी आणि बाहेरच्यांसाठी ‘शिल्लक’ ही केवळ वाचता येणारी प्रॉपर्टी (बाहेरून व्हेरिएबलसारखी दिसणारी, पण आतून मेथड चालवणारी सोय) द्यावी. तिला सेटर (नवी किंमत लिहू देणारी मेथड) दिला नाही, तर खा.शिल्लक = 0 या ओळीवर प्रोग्राम तिथल्या तिथे ॲट्रिब्यूट-एरर देऊन थांबतो. एक अंडरस्कोअर म्हणजे ‘हे आतले आहे, हात लावू नका’ हा पायथन लिहिणाऱ्यांमधील सर्वमान्य संकेत आहे आणि तो मोडणारी ओळ कोड तपासताना चटकन नजरेत भरते.

व्यवहारांची यादी ठेवत असाल, तर येथे अधिक सावध राहावे. प्रॉपर्टीतून मूळ लिस्टच परत दिली, तर बाहेरचा कोड तिच्यावर अपेंड (शेवटी नवी नोंद जोडणारी मेथड) चालवून आपली नोंद बिघडवू शकतो, आणि सेटर नसल्याचा तेथे काहीही उपयोग होत नाही. त्यामुळे तिचे टपल (बदलता न येणारी यादी) करून द्यावे. व्याजदरासारखे व्हेरिएबल सर्व खात्यांसाठी मिळून क्लासवरच ठेवलेले असेल, तर साधी प्रॉपर्टीही पुरत नाही, कारण खाते.व्याजदर = 0 असे लिहिताच ती प्रॉपर्टीच पुसली जाऊन तिच्या जागी शून्य येते. हे अडवायचे तर मेटाक्लास (खुद्द क्लास कसा वागावा हे ठरवणारा क्लास) लिहावा लागतो. लहान प्रोग्रामसाठी तो खटाटोप मला अनाठायी वाटतो.

जावास्क्रिप्टमध्ये 2022 च्या मानकापासून नावाआधी हॅश लावलेली फील्ड्स खरोखरच खासगी असतात. पायथनमध्ये तशी सोय नाही, आणि वरचे सारे उपाय चुकून होणाऱ्या बदलांपुरतेच आहेत. मुद्दाम रक्कम बदलू पाहणाऱ्याचा कोड आपल्याच प्रोग्रामच्या आत चालत असेल, तर कोणताही क्लास त्याला रोखू शकणार नाही. तशी शंका असेल, तर शिल्लक वेगळ्या सर्व्हरवरील डेटाबेसमध्ये ठेवावी, आणि या प्रोग्रामला तेथे थेट लिहिण्याची परवानगी न देता केवळ जमा-उचलीची विनंती पाठवण्याची मुभा द्यावी.