नीटला (वैद्यकीय प्रवेशाची देशभरातली परीक्षा) पहिल्या वेळी मार्क कमी पडले. ड्रॉप घेऊन, म्हणजे वर्षभर थांबून, परत बसावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "नीट 2025 ला 412 आले. ओबीसी आहे. सरकारी एमबीबीएस लागणार नाही, खासगी बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) लागेल असं दिसतंय. घरचे म्हणतात घेऊन टाक, मला परत बसायचंय. पण अभ्यास करूनच एवढे आलेत, पुढच्या वर्षी वेगळं काय होणार या विचारानं खचले आहे. काय करू?"

माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असशील, म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. मीही ओबीसीतूनच. 2022 ला 468 आले होते, 2023 ला 596, आता सरकारी कॉलेजात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

"वेगळं काय होणार" हा प्रश्न तू घरच्यांनी विचारायच्या आधी स्वतःलाच विचारलास, तिथेच तू माझ्या पुढे आहेस. मी ड्रॉप घेतला तो रडत रडत, बाबांशी भांडून, आणि कारण काय, तर शेजारच्या बेंचवरच्या मैत्रिणीला लागलं आणि मला नाही. वेगळं काय करणार याचा पत्ता नव्हता.

पत्ता लागला तो लातूरला रिपीटर बॅचला जायच्या आदल्या आठवड्यात. निकालाआधी एनटीए (परीक्षा घेणारी संस्था) प्रत्येकाच्या ओएमआरची, म्हणजे गोळे भरलेल्या उत्तरपत्रिकेची, स्कॅन केलेली प्रत आणि उत्तरसूची वेबसाइटवर टाकते ना, ती. आपण सगळे काय करतो, बेरीज मारतो आणि बंद करतो. मी तिची प्रिंट काढली आणि प्रश्नपत्रिका घेऊन माजघरात बसले. 128 बरोबर, 44 चूक, 8 कोरे. बरोबरला 4, चुकीला वजा 1, म्हणजे 512 वजा 44, झाले 468. मग त्या 44 चुकांपुढे पेन्सिलनं एकेक अक्षर लिहीत गेले. येतच नव्हतं तर "न". येत होतं पण घाईत घालवलं तर "घ". तुक्का मारला तर "तु". दिवेलागणीला मोजलं: न 11, घ 14, तु 19.

फक्त 11! आणि मी वर्षभर "अजून वाचायला हवं" म्हणून पुस्तकांवर पुस्तकं आणत होते.

"घ"मधले काही तर बघवत नव्हते. "खालीलपैकी चुकीचं विधान कोणतं" असं विचारलेलं आणि मी पहिलंच बरोबर विधान दिसलं म्हणून गोळा भरून मोकळी. फिजिक्समध्ये सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले, आणि तसं चुकलेलं उत्तरही पर्यायांत अगदी तयार ठेवलेलं. तुक्क्यांचं म्हणशील तर क्लासमध्ये सगळे सांगायचे, निगेटिव्ह आहे, तुक्का मारू नका. हिशेबानं ते तितकं खरं नाही. चार पर्यायांत आंधळेपणानं मारलं तरी सरासरीत तोटा होत नाही. माझं दुखणं दुसरंच होतं. त्या 19 पैकी बहुतेक बायोलॉजीचे होते, दोन पर्याय उडवून उरलेल्या दोघांत अडकलेले. म्हणजे ती ओळ एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकात मी वाचलेली होती, पण अर्धवट. तक्ते आणि आकृत्यांखालच्या बारीक ओळी तर मी कायम उडी मारून पुढे गेलेले.

म्हणून वर्षभर नवीन पुस्तक एकही घेतलं नाही. एनसीईआरटी, जुने पेपर आणि एक चूक-वही. दर रविवारी दुपारी 2 ते 5.20 पूर्ण पेपर, खऱ्या ओएमआरवर, काळ्या बॉलपेननं. वेळ मुद्दाम तीच, कारण परीक्षा दुपारी असते आणि मला जेवल्यावर झोप यायची. मेसचा डबा रविवारी 11 लाच खायचा, हे शरीराला शिकवायला दोन महिने लागले. (क्लासनं मात्र दर टेस्टनंतर रँकप्रमाणे बाकं बदलायचा खेळ लावलेला. त्यानं कुणाचं भलं झालं मला माहीत नाही, माझी तरी सोमवारची सकाळ वाया जायची.) दुसऱ्या वेळी 154 बरोबर आणि 20 चूक.

तुझ्यासाठी दोन गोष्टी बदलल्या आहेत. आमच्या वेळी 200 प्रश्नांतले 180 सोडवायचे होते आणि 200 मिनिटं होती. 2025 पासून 180 च प्रश्न, सगळे सोडवायचे, 180 मिनिटांत. तेव्हा "घ" तुझ्याकडे जास्त असू शकतात. दुसरं, 412 ची तुलना आधीच्या वर्षांच्या कटऑफशी करू नकोस. 2024 च्या पहिल्या निकालात 67 जणांना 720 पैकी 720 होते, 2025 ला देशात पहिला आलेला 686 वर आहे. मार्क सोड, ऑल इंडिया रँक बघ.

आता बीएएमएस. मनापासून आवडत असेल तर घे, त्यात कमीपणा काही नाही. माझी लातूरची रूममेट दुसऱ्या वेळीही थोडक्यात राहिली, आज बीएएमएस करतेय आणि आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त केसेस तीच टाकते. पण "सीट घेऊन ठेवते आणि शेजारी नीटचाही अभ्यास करते" हे करू नकोस. ना इकडची राहशील ना तिकडची. आणि घेतलेली सीट सोडली तर कोणत्या फेरीनंतर किती भुर्दंड बसतो, ते सीईटी सेलच्या (राज्यातले प्रवेश तेच करतात) माहितीपुस्तिकेत आधी वाच.

गॅपची काळजी नको. एमबीबीएसला मुलाखत नसते, कितवा प्रयत्न हे कुणी विचारत नाही. वयाची वरची अट 2022 मध्ये काढली आहे. फार तर प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतील.

मात्र कागदांचं आजच बघ. जात पडताळणीचं प्रमाणपत्र आहे का हातात? माझा प्रस्ताव अकरावीपासून कॉलेजच्या कपाटातच पडून होता. पहिल्या वर्षी मार्क पुरले असते तरी ओबीसीतून प्रवेश अडकला असता, हे मला ड्रॉपच्या वर्षात कळलं. डिसेंबरात बाबांनी आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला दोन गावं पालथी घातली. नॉन-क्रिमिलेअर 31 मार्चला संपतं का तेही तपास, आणि डोमिसाइल काढून ठेव.

ओएमआरची प्रत डाउनलोड केली असशील तर आज रात्रीच बस आणि न, घ, तु मोजून मला इथेच आकडे कळव. "न" 60-70 च्या वर निघाले तर वेगळं बोलावं लागेल. उद्या माझी वॉर्ड पोस्टिंग आहे, नऊनंतर बघेन.