सोलापूरचा कंबर तलाव आटत चाललाय. रविवारी मोकळे असणारे आम्ही पाच-सहा जण काय करू शकतो?

खूप काही! फक्त पाण्यावर पसरलेल्या जलपर्णीला हात घालण्याआधी मोजायला लागा. काठावरचा एक पक्का दगड ठरवा, त्यावर रंगाने खूण करा. दर रविवारी पाणी खुणेच्या किती खाली गेलं ते वहीत लिहा, त्याच जागेवरून फोटो काढा. होडी मिळाली तर 20 सेंटीमीटरची काळी-पांढरी चकती दोरीने पाण्यात सोडा. ती जिथे दिसेनाशी होते, त्या खोलीवरून गढूळपणा कळतो.

जलपर्णी फुलं येण्याआधीच काढा. तिचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं, तुटका कोंबही पुन्हा वाढतो. उपसलेला ढीग काठावर टाकू नका, पहिल्या पावसात परत आत जाईल. लांब नेऊन वाळवा, आपल्याकडे उन्हाची काय कमी! आणि कृपा करून खोल पाण्यात उतरू नका, मुळांत पाय अडकतात.

खरं दुखणं सांडपाण्याचं, त्यावरच जलपर्णी पोसते. म्हणून उन्हाळ्यात तलावाकडे येणारे नाले चालत बघा. जो नाला पाऊस नसतानाही वाहतो, त्यात बहुधा सांडपाणीच असतं; त्याचा तारखेसह फोटो जोडून महापालिकेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गाळ काढायचा तर परवानगी घेऊनच, पाणी तळाला गेल्यावर.